जखम आणि मैदान यांमधली वर्षे

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धांत भारतीय खेळाडूंनी २९ पदके मिळविली. त्यांपैकी ७ सुवर्णपदके होती. २०१६ पर्यंतच्या सर्व पॅरालिम्पिक स्पर्धांत मिळून भारताच्या वाट्याला अवघी १२ पदके आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे माप कळते. या २९ पदकांतील एक कांस्यपदक होकाटो होतोझे सेमा या नागालँडच्या जवानाने गोळाफेकीत मिळविले. काश्मीरमधील नियंत्रणरेषेजवळ चौकीबल भागात २००२ साली घुसखोरांविरुद्धच्या मोहिमेत भूसुरुंगाच्या स्फोटात त्याने डावा पाय गमावला होता. त्याने गोळा १४.६५ मीटर फेकला, पदक स्वीकारले, आणि देशभर त्याचे कौतुक झाले. ते योग्यच झाले.

तथापि कौतुकाचा पूर ओसरल्यावर या जवानाच्या आयुष्यातील दोन सनांकडे थोडे शांतपणे पाहिले पाहिजे. त्याचा पाय गेला २००२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी; आणि पुण्यातील लष्करी केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने त्याने गोळा प्रथम हाती घेतला तो २०१६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. मध्ये चौदा वर्षे गेली. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीचा काळ म्हणतात तो हाच. ज्याच्या अंगी पॅरालिम्पिक पदक मिळविण्याचे सामर्थ्य होते, त्याला आपल्यात ते आहे हे कळायला चौदा वर्षे का लागावीत, हा प्रश्न या पदकाने आपल्यापुढे ठेवला आहे. सेमा यांची जिद्द हे त्याचे उत्तर नव्हे. जिद्द ही व्यक्तीची असते. ती चौदा वर्षे मुख्यतः व्यवस्थेची आहेत.

इस्पितळाच्या आवारातील क्रीडांगण

जखमी सैनिकांसाठीच्या खेळांचा आरंभ कसा झाला, हे येथे आठवणे उपयुक्त ठरेल. मणक्याला गोळी लागून मज्जारज्जू तुटला की कमरेखालचे शरीर लुळे पडते. पहिल्या महायुद्धात अशी जखम झालेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. मरणाचे कारण मूळ जखम क्वचितच असे. अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या शय्याव्रणांतून आणि मूत्रमार्गाच्या संसर्गातून विष भिनून ते मरत. वैद्यकशास्त्राने त्यांची आशा सोडली होती आणि समाजाला त्यांच्याविषयी केवळ अनुकंपा होती.

दुसऱ्या महायुद्धात, युरोपच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची तयारी चालू असताना, असे जखमी मोठ्या संख्येने येतील हे ओळखून ब्रिटिश सरकारने स्टोक मँडव्हिल येथील इस्पितळात फेब्रुवारी १९४४ मध्ये एक स्वतंत्र विभाग उघडला. त्याची सूत्रे लुडविग गुटमन या मज्जाविकारतज्ज्ञाकडे देण्यात आली. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ साली जर्मनी सोडून आलेला हा ज्यू डॉक्टर होता. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, हा त्याचा पहिला नियम होता. वाचायला साधा वाटणारा हा नियम परिचारिकांकडून रात्रंदिवस पाळून घेणे सोपे नव्हते. परंतु त्याने माणसे जगू लागली.

माणसे जगू लागल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला: त्यांनी करायचे काय? विशी-पंचविशीतले हे तरुण आणखी तीस-चाळीस वर्षे छताकडे पाहत काढणार होते काय? गुटमनच्या असे नजरेस आले की, आवारात काही रुग्ण चाकाच्या खुर्च्यांवर बसून काठ्यांनी एक चकती ढकलत खेळत आहेत. करमणूक म्हणून त्याकडे पाहून तो पुढे गेला नाही. त्याने खेळाचा उपचारात समावेश केला. तिरंदाजीने छाती, खांदे व पाठ यांचे स्नायू बळकट होतात आणि पाठीचा तोल सावरायला शिकता येते. बास्केटबॉलने खुर्ची हाताळण्याचे कौशल्य येते. पाण्यात शरीराचा भार पाणीच उचलते, म्हणून जमिनीवर न हलणाऱ्या माणसाला पोहता येते. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून स्वच्छतागृहात स्वतःच्या हातांच्या बळावर सरकता येणे, यावर ज्याचे सारे स्वातंत्र्य अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने दंडातील ताकद ही चैनीची गोष्ट नव्हे.

२९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिक स्पर्धांचे उद्‌घाटन झाले त्याच दिवशी, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष व २ स्त्रिया अशा सोळा जखमी सैनिकांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. १९५२ साली हॉलंडमधील माजी सैनिक त्यांच्यात सामील झाले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय बनली. १९६० साली रोममध्ये सुमारे ४०० खेळाडू एकत्र आले. आज ज्यांना आपण पॅरालिम्पिक म्हणतो त्या स्पर्धांची गणना तेथून होते. अमेरिकेतही हाच क्रम दिसतो. महायुद्धानंतर १९४६ च्या सुमारास तेथील माजी सैनिकांच्या इस्पितळांतून चाकाच्या खुर्चीवरचे बास्केटबॉल सुरू झाले. १९८१ पासून माजी सैनिकांसाठी चाकाच्या खुर्चीवरील राष्ट्रीय स्पर्धा भरत आल्या. लंडनमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या इन्व्हिक्टस स्पर्धांत तर केवळ जखमी व आजारी सैनिक आणि माजी सैनिक भाग घेतात, आणि मनावर झालेल्या जखमाही तेथे जखमा म्हणून मान्य केल्या जातात.

या सर्व इतिहासातून ध्यानात ठेवायची बाब एकच. क्रीडांगण इस्पितळाला लागून होते. स्पर्धा नंतर आली, पदके त्याहून नंतर आली. प्रथम आला तो उपचार. जखम झाल्यापासून खेळापर्यंतचे अंतर वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजले जात होते. गुटमनच्या यशाची कसोटीही वेगळीच होती. ज्याला समाजाने असाध्य म्हणून सोडून दिले त्याला कर भरणारा नागरिक करणे, असे तो आपल्या कार्याचे वर्णन करी. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ही कसोटी विशेष भावते, हे सांगायला नकोच.

पेठ इस्लामपूरचा जलतरणपटू

आपल्याकडील इतिहास पाहू. मुरलीकांत पेटकर यांचे नाव २०२४ सालच्या ‘चंदू चँपियन’ या चित्रपटामुळे तरुण वाचकांच्या परिचयाचे झाले आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा तरुण सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात दाखल झाला. तो मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्याला अनेक गोळ्या लागल्या. मणक्याजवळची गोळी काढता आली नाही आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्याने पोहायला सुरुवात केली. १९६८ साली तेल अवीव येथील स्पर्धेत त्याने टेबल टेनिसमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये भारतीयाला वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले ते २००८ साली. अपंग सैनिकाने ते आपल्या स्पर्धेत छत्तीस वर्षे आधी मिळविले होते. विजय मर्चंट यांच्यासारख्या थोर क्रिकेटपटूने अपंगांसाठी चालविलेल्या कार्याचा या प्रवासाला हातभार लागला होता, याचा उल्लेखही अवश्य केला पाहिजे.

या सुवर्णपदकाची दखल देशाने कधी घेतली? पेटकर यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते देण्यात आला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. हा उशीर लाजिरवाणा आहेच. परंतु माझ्या मते त्याहून मोठी हानी वेगळीच झाली. सन्मानाला उशीर झाला याचे दुःख पेटकर यांनी सोसले. पण त्यांच्या यशातून कोणतीही पद्धत निर्माण झाली नाही, याचे मोल त्यांच्या मागून जखमी झालेल्या प्रत्येक जवानाने दिले. १९७२ मध्ये सुवर्णपदक मिळाले तेव्हाच सरकारला आणि सैन्याला हे कळायला हवे होते की, हा चमत्कार नसून हे उपचाराचे फळ आहे आणि ते पुन्हा पुन्हा मिळविता येईल. आपण त्याला चमत्कार मानले. चमत्काराला हार घालायचा असतो. त्याची योजना आखायची नसते.

मेजर देवेंद्रपाल सिंग यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कारगिल संघर्षाच्या काळात, जुलै १९९९ मध्ये, अखनूर भागात तोफगोळ्याच्या स्फोटात ते इतके जखमी झाले की प्रथम त्यांना मृतच समजले गेले. उजवा पाय कापावा लागला. ते धावपटू झाले आणि पहिली अर्धमॅरेथॉन धावले ती २००९ साली, दहा वर्षांनी. धावण्यासाठी लागणारे पात्याच्या आकाराचे कृत्रिम पाऊल त्यांना त्याहूनही नंतर मिळाले. अशा जखमी व्यक्तींना एकत्र आणणारा गट त्यांनी २०११ साली स्वतःच उभारला. २०१९ च्या मार्चमध्ये नाशिक येथे विमानातून हवाई छत्रीने त्यांनी उडी मारली, तीही वाचकांना आठवत असेल.

पेटकर तीन वर्षे, देवेंद्रपाल सिंग दहा वर्षे, सेमा चौदा वर्षे. तीन उदाहरणांवरून सांख्यिकीचा निष्कर्ष काढता येत नाही, हे विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्याने विसरता कामा नये. शिवाय मधल्या काळात या व्यक्ती निष्क्रिय होत्या असे मुळीच नाही. त्या नोकरी करीत होत्या, संसार करीत होत्या. परंतु एवढे तर निश्चित म्हणता येते की, काळ पुढे सरकला म्हणून हे अंतर आपोआप कमी झाले नाही. ज्याला योग्य डॉक्टर, योग्य अधिकारी वा योग्य मित्र भेटला, तो मैदानापर्यंत पोहोचला. ज्याला तो भेटला नाही, त्याचे नाव आपल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही.

पुण्यातील सामग्री

आश्चर्य असे की, या कामासाठी लागणारी जवळजवळ सर्व सामग्री महाराष्ट्रात एकाच शहराच्या परिसरात आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली मुंबईत स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ काम करीत आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, म्हणजे ज्या वर्षी स्टोक मँडव्हिलचा विभाग उघडला त्याच वर्षी, सुरू झाले. तेथे सैनिकांप्रमाणेच नागरिकांनाही कृत्रिम हात-पाय बसवून मिळतात. खडकीच्या लष्करी इस्पितळात मज्जारज्जूच्या जखमांवर उपचार होतात. त्याच परिसरात १९७४ साली अधरांगग्रस्त माजी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. तेथील रहिवासी चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल व टेबल टेनिस खेळत आले आहेत. २००१ साली मुंढव्याजवळ सैन्याची क्रीडासंस्था निघाली, आणि २०१७ मध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्स केंद्रात पॅरालिम्पिक खेळांसाठी सैन्याचे खास प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. सेमा यांच्यासारखे खेळाडू तेथूनच पुढे आले.

या क्रमाकडे पाहावे. १९१७ साली धंदा, १९४४ साली अवयव, १९७४ साली निवारा आणि २०१७ साली खेळाचे पद्धतशीर प्रशिक्षण. प्रत्येक संस्था आपापल्या जागी मोलाची आहे. पण खेळ सर्वांत शेवटी आला, आणि तो आला तेव्हाही उपचाराच्या दाराने न येता पदकाच्या दाराने आला. सेवेत असलेल्या अपंग जवानांतून ज्यांच्यापासून पदकाची आशा आहे अशांना हेरायचे आणि घडवायचे, हे त्या केंद्राचे काम आहे. ते काम उत्तम चालले आहे आणि त्याचे श्रेय सैन्याला दिलेच पाहिजे. परंतु जो सेवामुक्त होऊन घरी गेला, ज्याचे वय चाळीस आहे, ज्याचे दोन्ही पाय आणि एक हात कामाचा राहिलेला नाही, जो कधीही पदक मिळविणार नाही, त्याचे काय? खेळाची सर्वाधिक गरज त्याला आहे, कारण त्याच्यापुढे दुसरे काहीच नाही.

साताऱ्यातील अपशिंग्यासारख्या, कोल्हापुरातील सैनिक टाकळीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात जात आली. त्यांतला एखादा मुलगा चाकाच्या खुर्चीवर परतला, तर गावात त्याचा सत्कार होतो. सत्कारानंतर घराच्या उंबरठ्यावरून खुर्ची आत जात नाही, रस्त्यावरच्या खडीतून ती चालत नाही, आणि तालुक्याच्या क्रीडा संकुलाला पाच पायऱ्या असतात. अपंगांसाठी आपण शब्द अनेकदा बदलले. पायऱ्या मात्र तशाच ठेवल्या.

निवृत्तिवेतन आणि क्षमता

सरकार त्याला निवृत्तिवेतन देते, मग आणखी काय हवे, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राने दिले आहे. युद्धात जखमी होऊन सेवामुक्त झालेल्या आणि पूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकाला युद्धजखमेपोटी मिळणारा अंश त्याच्या अखेरच्या वेतनाइतका असतो, आणि सेवेचा अंश त्याशिवाय मिळतो. ही तरतूद कमी लेखण्याजोगी नाही. परंतु अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात एक मुद्दा मांडला होता, तो येथे तंतोतंत लागू पडतो. सारख्याच उत्पन्नातून दोन माणसांना सारखेच जीवन जगता येत नाही. धडधाकट माणूस शंभर रुपयांत जे करू शकतो, ते करायला अपंगाला अधिक पैसे लागतात. आणि काही गोष्टी तर कितीही पैसे दिले तरी त्याला विकत मिळत नाहीत. म्हणून माणसाच्या हाती किती पैसा आहे एवढेच न पाहता, त्या पैशातून तो काय करू शकतो आणि काय होऊ शकतो, हे पाहिले पाहिजे. निवृत्तिवेतनाने उत्पन्न मिळते. उत्पन्नाचे क्षमतेत रूपांतर करण्याचे काम इस्पितळ, शाळा, रस्ता आणि क्रीडांगण यांना करावे लागते.

निवृत्तिवेतनात एक भेद आहे, तोही वाचकांनी समजून घ्यावा. शत्रूच्या गोळीने मणका मोडला तर एक हिशेब लागतो; सेवेतच, पण अपघातात वा प्रशिक्षणात मोडला तर दुसरा लागतो आणि रक्कम कमी होते. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत तर निवृत्तिवेतनच नाही. सेवेमुळे पूर्ण अपंगत्व आल्यास ४४ लाख, पाऊण अपंगत्वास २५ लाख आणि निम्म्यास १५ लाख रुपये एकरकमी मिळावेत अशी तरतूद आहे, आणि त्याजोडीने उरलेल्या मुदतीचे वेतन व सेवानिधी. या धोरणाच्या गुणदोषांची चर्चा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच म्हणायचे आहे की, एकविसाव्या वर्षी कमरेखाली लुळा पडलेला तरुण, उपचार नीट झाले तर, आणखी चाळीस वर्षे जगतो. चाळीस वर्षे पुरणारी एकरकमी रक्कम कोणालाच सांगता येत नाही. चाळीस वर्षे पुरू शकेल अशी एकच ठेव आहे: स्वतः उठण्याची, बाहेर पडण्याची आणि काही काम करण्याची त्याची शक्ती. तिजोरीतून देण्याच्या रकमेत कारणपरत्वे भेद करणे एक वेळ समजू शकते. परंतु मज्जारज्जूला स्वतः कशाने तुटलो हे ठाऊक नसते. उपचारात आणि खेळात असा भेद करायला कोणताही आधार नाही.

तीन आक्षेप

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला खर्चाचा. खेळासाठीची खास खुर्ची महाग असते, प्रशिक्षक दुर्मिळ असतात, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत विखुरलेल्या मोजक्या सैनिकांसाठी हा खर्च परवडणार नाही. हा आक्षेप केवळ सैनिकांचा विचार केला तर खरा आहे, आणि म्हणूनच केवळ सैनिकांचा विचार करू नये. रस्त्यावरील अपघातात, झाडावरून वा बांधकामावरून पडून मणका मोडलेले नागरिक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. उतरण, रुंद दार, वापरता येईल असे स्वच्छतागृह, एक प्रशिक्षक, दहा खुर्च्या आणि त्या दुरुस्त करणारा एक कारागीर हा सारा स्थिर खर्च आहे. वापरणारे वाढले की माणशी खर्च घटतो, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचे अर्थशास्त्र आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र सैनिकांसाठी निघाले आणि नागरिकांच्याही कामी आले. खुद्द पॅरालिम्पिक चळवळ सैनिकांसाठी निघाली आणि सर्व अपंगांची झाली. सैनिक हा या मागणीचा पहिला वारस आहे. एकमेव वारस नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जखमी सैनिकाच्या क्रीडापराक्रमाचा गाजावाजा केल्याने युद्धाची किंमत झाकली जाते, असे काही विचारी माणसांना वाटते. हसतमुख, पदकधारी जवानाचे छायाचित्र पाहिले की युद्धाने फार काही बिघडत नाही असा समज होतो. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ज्याच्या शरीराने ती किंमत मोजली आहे त्याला घरात कोंडून ठेवल्याने ती अधिक दिसते, असे थोडेच आहे? उलट तो चार माणसांत वावरू लागला, तालुक्याच्या मैदानावर रोज दिसू लागला, म्हणजेच समाजाला त्या किमतीची रोज आठवण राहील. मात्र या आक्षेपातून एक पथ्य अवश्य घ्यावे. खेळणे ही सैनिकावर नवी सक्ती होता कामा नये. प्रत्येकाने पराक्रमीच व्हावे, निराश होऊ नये, तक्रार करू नये, ही अपेक्षा क्रूर आहे. ज्याला खेळायचे नाही त्याला पुस्तक वाचत बसण्याचाही हक्क आहे. आणि खेळणाऱ्याच्या उत्साहाकडे बोट दाखवून न खेळणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाला कात्री लावण्याचा विचार तर कोणाच्या मनातही येऊ नये.

तिसरा आक्षेप असा की, पदकांमुळेच या विषयाकडे लक्ष वेधले गेले, तेव्हा पदकांविषयी कुरकुर कशाला? पदके मिळावीत, अधिक मिळावीत. पॅरिसच्या स्पर्धेनंतर केंद्र सरकारने सुवर्णपदकाला ७५ लाख, रौप्यपदकाला ५० लाख आणि कांस्यपदकाला ३० लाख रुपये दिले, याचा आनंदच आहे. पण बक्षीस हे यश मिळाल्यानंतर येते. जोखीम असते ती आधी. खेळाडू घडण्यापूर्वीचा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे. एका कांस्यपदकाच्या बक्षिसाएवढ्या रकमेत किती क्रीडा संकुलांच्या पायऱ्यांशेजारी उतरण बांधून होईल, याचा अंदाज बांधकाम खात्यातील कोणताही अनुभवी कारकून दहा मिनिटांत काढून देईल. आणि पाया रुंद झाला की शिखर आपोआप उंच होते. ज्या देशात शंभर जण खेळतात तेथे योगायोगाने पदक मिळते; जेथे दहा हजार खेळतात तेथे ते मिळणे हा नियम ठरतो.

काय करता येईल

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे. त्यांना क्रीडाकार्यात सहभागी होता यावे म्हणून सरकारने उपाययोजना करावी असे ते सांगते. म्हणजे नव्या कायद्याची गरज नाही. गरज आहे ती तीन-चार साध्या निर्णयांची. प्रत्येक मोठ्या लष्करी इस्पितळात मज्जारज्जूच्या जखमा व अवयवच्छेद झालेल्या रुग्णाच्या उपचारपत्रकावर खेळाची नोंद औषधासारखीच व्हावी, आणि ती सेवामुक्तीचे कागद तयार होण्याच्या आधी व्हावी. तो घरी परतला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने निवृत्तिवेतनाच्या कागदांइतक्याच तत्परतेने त्याचे नाव जवळच्या क्रीडा संकुलाला कळवावे. क्रीडा संकुलांचे अनुदान त्यांच्या दारांशी आणि स्वच्छतागृहांशी जोडावे. आणि यशाची मोजणी बदलावी: किती पदके आली याबरोबरच जखम झाल्यापासून एका वर्षाच्या आत किती जण मैदानावर पोहोचले, किती जणांना शय्याव्रणांमुळे पुन्हा इस्पितळात यावे लागले आणि किती जण कामाला लागले, हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा आपल्या प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

या कामात आम्हा शिक्षकांचाही एक वाटा आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून अपंग विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षणाच्या तासाला ‘सूट’ दिली जाते. वैद्यकीय प्रमाणपत्र आणले की तो मैदानाच्या कडेला, बहुधा सर्वांच्या चपला आणि दप्तरे सांभाळत, बसतो. ही सूट आपण दयेने देतो. पण तिचा अर्थ, मैदान तुझे नव्हे, असाच होतो. तेथे बसलेल्या मुलाला ते कळते आणि खेळणाऱ्या मुलांनाही ते कळते. त्याच मुलांतून पुढे अधिकारी, अभियंते, डॉक्टर आणि नगरसेवक होतात, आणि पाच पायऱ्यांचे क्रीडा संकुल मंजूर करताना त्यांना काही चुकते आहे असे वाटत नाही. जखमी जवानाला चौदा वर्षे थांबावे लागते, त्याची सुरुवात कुठे तरी या दप्तरांच्या ढिगाशी झालेली असते.

देशाने सैनिकाशी एक अलिखित करार केलेला असतो. तो आपले शरीर पणाला लावतो. मोबदल्यात देश त्याला सांभाळण्याचे वचन देतो. सांभाळणे म्हणजे दरमहा रक्कम बँकेत जमा करणे, एवढाच या वचनाचा अर्थ आपण आजवर लावला. त्याचा पुरा अर्थ असा आहे की, जखमेने त्याच्यापासून जे हिरावले त्यातले जेवढे परत मिळविता येण्यासारखे आहे, तेवढे मिळवून देण्यात विलंब होऊ नये. १९४४ साली, युद्ध चालू असताना, हे शक्य झाले होते. १९७२ साली पेठ इस्लामपूरच्या जवानाने ते आपल्याकडेही शक्य आहे हे ३७.३३ सेकंदांत सिद्ध केले. आता सिद्ध करण्यासारखे काही उरलेले नाही. उरली आहे ती केवळ अंमलबजावणी.